माळाचं कातडं सोलू नका : चुनखडीच्या मुरमाड उताराची जमीन हाती घेताना

माळावरचा तळहाताएवढा एखादा दगड उचला आणि पालथा करा. नुसता वर पडलेला नको, निम्मा मातीत रुतलेला हवा. वरची बाजू काळपट-तांबूस, उन्हानं भाजलेली असेल. खालच्या बाजूला मात्र पांढरा, खरबरीत लेप दिसेल, भिंतीला चुन्याचा हात मारावा तसा. पावसाचं पाणी मातीतला विरघळलेला चुना घेऊन खाली उतरतं, दगडाच्या पोटाशी थांबतं, वाळतं आणि चुना तिथंच ठेवून जातं. हे शेकडो-हजारो वर्षं चालतं, म्हणून लेप पोटाशीच असतो. तो वर दिसला, तर समजा की दगड कुणीतरी उलटवलाय.

मला हे फार उशिरा कळलं. माणदेशात आमचा सहा एकरांचा उतार आहे. त्यातला दीड एकर मी यंत्र लावून सपाट करून घेतला. दोन दिवसांत माळाचं शेत झालं आणि मी फोटो काढून पाहुण्यांना पाठवले. पहिल्या पावसात पेरलेली मटकी वीतभर वाढली, पिवळी पडली आणि संपली. दुसऱ्या वर्षी तिथं गवतसुद्धा उगवलं नाही. मेंढरं घेऊन आलेले एक म्हातारे मामा बांधावर टेकले, पायानं एक दगड ढकलला आणि म्हणाले, “लेकरा, माळाचं कातडंच सोललंस की रं.” तेव्हा नीट पाहिलं. त्या दीड एकरातल्या निम्म्या दगडांची पांढरी पोटं आभाळाकडं होती. वरची वीतभर माती खाली गाडली गेली होती आणि तळातली चुनखडी वर येऊन बसली होती.

तो दीड एकर अजून पुरता सावरलेला नाही. बाकीच्या साडेचार एकरांवर मी काय केलं, कशाच्या आधी केलं, ते इथं क्रमानं लिहितोय.

ही जमीन अशी का?

खडक सगळीकडं एकच, दख्खनचा काळा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातल्या खनिजांत कॅल्शियम भरपूर असतं. खडक कुजतो तसं ते सुटं होतं. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथं हे कॅल्शियम धुऊन जातं आणि मागं तांबडा जांभा उरतो. तिथून पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत या पट्ट्यात पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. एवढं पाणी चुना विरघळवायला पुरतं, वाहून न्यायला पुरत नाही. हात-दोन हात खोल गेल्यावर ते वाळतं आणि चुना तिथंच खडे, गोळे किंवा थर होऊन बसतो. उतारावर बारीक माती पावसाबरोबर ओढ्याकडं जाते आणि मागं मुरूम राहतो. मुरूम आणि चुना असा हा दुहेरी वारसा आहे.

पूर्वी याच चुनखडीला किंमत होती. ती वेचून भट्टीत भाजायची, बैलानं ओढायच्या दगडी घाणीत मळायची आणि वाडे, देवळं, विहिरी बांधायच्या. आता ती कुणाला नको झालीय, माझ्यासारख्याच्या शेताला तर अजिबात नको.

पहिलं काम : तीन खड्डे

यंत्रवाल्याला फोन करण्याआधी टिकाव-फावडं घ्या आणि तीन खड्डे काढा: एक माथ्याला, एक मधल्या उताराला, एक पायथ्याला. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल, किंवा पहार अडेल तिथपर्यंत. हिवाळ्यात काढले तर बरं, कारण तेव्हा ओल कुठपर्यंत टिकलीय तेही दिसतं. खड्ड्याची एक बाजू खुरप्यानं साफ तासून घ्या आणि उन्हाकडं तोंड करून बसा. घाई नको, अर्धा तास द्या.

आधी मुळ्या बघा. गवताच्या मुळ्या सरळ किती खोल जातात आणि कुठं आडव्या वळतात? त्या वळतात तिथं काहीतरी अडतंय. एकतर कडक मुरूम आहे किंवा चुन्याचा घट्ट थर. तिथं पहार मारा. मुरूम असेल तर कच्चकन आत जाते आणि ढेकूळ निघतं. घट्ट थर असेल तर ठणका बसतो आणि पांढरी कपची उडते. हा फरक वहीत लिहून ठेवा, पुढं झाडं लावताना सगळं यावर अवलंबून आहे.

मग पांढरं काय काय आहे ते बघा, कारण माळावरचं सगळं पांढरं चुनखडी नसतं. आमच्याकडं बेसाल्टच्या पोकळ्यांत गारगोटी निघते, झिओलाइटचे सुयांसारखे चमकते स्फटिकही निघतात. दोन्ही पांढरी, दोन्हींत चुनखडी नाही. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे थेंब टाकून बघणे.

फसफस बघणं

लिंबाचा रस किंवा व्हिनेगर चालतो, पण फेस कमी येतो, कान जवळ न्यावा लागतो. स्पष्ट दिसायला हवं तर हायड्रोक्लोरिक आम्ल वापरा. काचेच्या भांड्यात आधी दोन वाट्या पाणी घ्या आणि त्यात एक वाटी आम्ल हळूहळू सोडा. आम्लात पाणी ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. हातमोजे आणि चष्मा घाला, लेकरांना लांब ठेवा.

प्रत्येक खड्ड्यातून वीत-वीत अंतरानं माती घ्या, खडे निवडून बाजूला करा आणि बारीक माती आणि खडे दोन्हींवर वेगवेगळे थेंब टाका. वेगवेगळे का, ते महत्त्वाचं आहे. खड्यांत चुना असेल आणि बारीक माती थंड राहिली, तर जमीन बरीच बरी आहे. खडा हळू विरघळतो, मुळाला फार त्रास देत नाही. पण बारीक मातीच दुधासारखी उतू गेली, तर चुना पिठासारखा मिसळलेला आहे. मुळाचा प्रत्येक केस त्यातच बुडालेला असतो. लोह, जस्त आणि स्फुरद (फॉस्फरस) अडकतं ते इथं. प्रयोगशाळेच्या कागदावर दोन्ही जमिनींत चुनखडीचा आकडा सारखा येऊ शकतो, झाडाला मात्र त्या दोन जमिनी अगदी वेगळ्या असतात.

किती खोलीवर फसफस सुरू होते तेही लिहा. आमच्या मधल्या उतारावर वरच्या वीतभर मातीत फेस जवळपास नव्हताच आणि खाली भरपूर होता. म्हणजे ती वीतभर मातीच खरी इस्टेट होती. आणि मी दीड एकरात तीच गाडली.

दगड किती? बादलीचा हिशेब

माती परीक्षणासाठी नमुना दिला की प्रयोगशाळेत तो २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात. वर उरलेले खडे फेकून देतात आणि अहवाल येतो तो फक्त बारीक मातीचा. काळ्या रानात यानं काही बिघडत नाही, कारण तिथं खडे नसतातच. मुरमाड रानात मात्र अहवालातले ‘हेक्टरी इतके किलो’ हे आकडे फुगलेले असतात. त्या हेक्टरातली निम्मी जागा दगडांनी व्यापलेली असली, तर नत्र, पालाश आणि पाणी सगळंच निम्मं धरावं लागतं. हे मला कुठल्या अहवालात लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून आपणच मोजायचं.

एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल असा खड्डा कडा सरळ ठेवून काढा. त्यातून साधारण २७–२८ लिटर माल निघतो. सगळा माल २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा. मोठं पातेलं किंवा टोपलं परातीत ठेवून काठोकाठ पाण्यानं भरा आणि चाळणीवर उरलेले दगड-खडे हळूहळू त्यात सोडा. सांडलेलं पाणी परातीतून मापानं मोजा. तेवढी दगडांची जागा. माझं १३ लिटरच्या पुढं भरलं, म्हणजे जवळजवळ निम्मं.

आता यावरून पाणी काढा. ३० सेंटिमीटर खोली म्हणजे ३०० मिलिमीटर. निम्मे दगड वगळले की १५०. अशा मध्यम बारीक मातीत पिकाला उचलता येईल असं पाणी तिच्या आकारमानाच्या साधारण १५ टक्के धरलं, तर २२ मिलिमीटर उरतात. कुजका मऊ मुरूम स्वतःही थोडी ओल धरतो, त्यामुळं चार-पाच मिलिमीटर जास्त समजा. पावसाची उघडीप पडली की उन्हात रोज ४–५ मिलिमीटर पाणी उडतं. पाच-सहा दिवसांत भांडं रिकामं! ऑगस्टमध्ये तीन आठवडे पाऊस दडी मारतो, तेव्हा इथली बाजरी का करपते आणि शेजारच्या ओढ्याकाठच्या काळ्या रानात ती हिरवी का राहते, याचं उत्तर या हिशेबात आहे. चुन्याला सगळे शिव्या देतात, पण माळाची पहिली अडचण ओल टिकत नाही ही आहे. चुना तिच्या मागून येतो.

वरचे दगड वेचून रान ‘स्वच्छ’ करायचा मोह होईल. सगळे वेचू नका. पृष्ठभागावरचे खडे पावसाच्या थेंबाचा मार स्वतःवर घेतात आणि खालची ओल उडू देत नाहीत, फुकटचं आच्छादन आहे ते. नारळाहून मोठे तेवढे बांधाला घ्या, बाकीचे राहू द्या.

चुना घालवायचा नाद सोडा

दरवर्षी कुणीतरी येऊन सांगतं, गंधक टाका, चुना मरेल. हिशेब करून बघा. एक एकर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचं वजन साधारण ८ लाख किलो. त्यात नुसती १ टक्का चुनखडी म्हणजे ८,००० किलो. ती मारायला शुद्ध गंधक लागतं २,५०० किलोहून जास्त. आणि अशा रानांत चुनखडी १० टक्के सहज असते. म्हणजे एकरी २५ टन गंधक! एकरी पाच-दहा किलो गंधक टाकून चुना जात नाही. ते गंधक पिकाला अन्न म्हणून उपयोगी पडतं, मुळाजवळ पट्ट्यात दिलं तर तेवढ्या जागेपुरता सामू (पीएच) थोडा उतरतो, आणि तेवढ्यासाठीच ते द्यावं.

जिप्समचंही तसंच. जिप्सम म्हणजे कॅल्शियमच. ते चोपण जमिनीचं औषध आहे, जिथं सोडियम साठून माती चिकट होते तिथं. चुनखडीच्या माळावर कॅल्शियम आधीच गळ्याशी आलेलं असतं. अहवालात सामू बघा. निव्वळ चुनखडीची जमीन ७.८ ते ८.४ च्या आसपास थांबते. ८.५ च्या बरंच पुढं गेला असेल तर सोडियमचा संशय घ्या आणि त्याची वेगळी तपासणी करून घ्या. तोवर जिप्समचं पोतं दुकानातच राहू द्या.

माती परीक्षणाला देताना सामू आणि क्षारतेबरोबर सेंद्रिय कर्ब, मुक्त चुनखडी, लोह आणि जस्त एवढं मागून घ्या. लोह दशलक्ष भागांत ४.५ च्या खाली आणि जस्त ०.६ च्या खाली असेल तर कमतरता धरतात.

पाणी अडवणं : ए-फ्रेम आणि चर

हे काम एप्रिल-मेमध्ये करायचं. पण आधी एक प्रश्न विचारा, चर काढायची गरज आहे का? ज्या उतारावर गवताची दाट जाळी आहे, तिथं चर काढणं म्हणजे चांगल्या कांबळ्याला कात्री लावणं. गवत स्वतःच पाणी अडवतं. चर काढायचे ते उघड्या पडलेल्या, घळी पडू लागलेल्या जागी. आणि जमीन गायरान किंवा वनखात्याची असेल तर ग्रामपंचायत आणि खात्याला विचारल्याशिवाय कुदळ मारू नका.

समपातळी रेषा काढायला ए-फ्रेम पुरते. सात-आठ फुटी दोन सरळ काठ्यांची टोकं बांधा, खाली सहा फूट फाकवा आणि मध्ये आडवी काठी बांधा, इंग्रजी ए अक्षर होतं. टोकाला दोरी बांधून दगड लटकवा. दोन पाय दोन खुणांवर ठेवा आणि दोरी आडव्या काठीला जिथं टेकते तिथं रेघ मारा. मग पायांची अदलाबदल करून त्याच खुणांवर ठेवा आणि दुसरी रेघ मारा. दोन्हींच्या मधोमध तिसरी रेघ, ती तुमची पातळी. आता एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवत जा, दोरी मधल्या रेघेवर आली की खुंटी ठोका. पोराबाळांना हे काम भारी आवडतं. आमच्या पुतणीनं दोन दिवसांत अख्खा उतार आखला आणि मी नुसत्या खुंट्या ठोकल्या.

चराचं माप पावसावरून काढा. आमच्याकडं वळवाचा पाऊस तासाभरात ५० मिलिमीटर सहज झोडपतो. दोन चरांत १० मीटर अंतर ठेवलं, तर चराच्या प्रत्येक मीटरवर १० चौरस मीटर उताराचं पाणी येतं. पडलं ५०० लिटर, त्यातलं ४० टक्के वाहिलं तर २०० लिटर. चर ६० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल असेल, तर एका मीटरमध्ये २७० लिटर मावतं. ३० सेंटिमीटर खोल ठेवला तर १८० च मावतं आणि पहिल्याच झोडपणीत बांध फुटतो. उतार जास्त असेल तसं अंतर कमी करा. फार खडा असेल, उभं राहून चालताना हात टेकावे लागत असतील, तर चर काढूच नका, तिथं अनघड दगडांचे आडवे बांध घाला.

दोन गोष्टी ठेकेदार विसरतो, म्हणून समोर उभं राहून करून घ्या. एक, दर १०–१५ मीटरवर चरात हातभर जागा न खोदता सोडायची. पातळी थोडी चुकली तरी पाणी एका टोकाला पळत नाही. दुसरी अधिक महत्त्वाची. वरची वीतभर माती आधी वेगळी काढून चराच्या वरच्या अंगाला ठेवायची. खालचा पांढरा माल उतारावर टाकून बांध करायचा, त्याला चोप द्यायचा आणि मग वेगळी ठेवलेली चांगली माती बांधाच्या डोक्यावर पसरायची. बी पडणार ते त्या मातीत. उलट झालं तर बांध पाच वर्षं उघडाच राहतो, माझ्या दीड एकरासारखा.

गवत

माझं मत विचाराल तर अशा उतारावरचं मुख्य पीक गवत, झाडं दुय्यम. आजकाल माळ दिसला की झाडं लावायची घाई होते. पण हे गवताळ माळ म्हणजे उजाड जंगल नव्हेत. माळढोक, काळवीट, चिंकारा, लांडगा यांचं घर माळच आहे. सोलापूरजवळचं नान्नज, सुप्याचं मयूरेश्वर, कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी ही अभयारण्यं त्यासाठीच राखलीत. तिथं दाट झाडी केली तर ज्यांच्यासाठी राखलं तेच निघून जातील.

मुरमाड, चुनखडीच्या जागी पवन्या आणि डोंगरी ही आपली जुनी गवतं उत्तम टिकतात. पायथ्याला माती जाड असेल तिथं मारवेल घ्या. जनावर त्यावर तुटून पडतं. अगदी खडकाळ, कोरड्या तुकड्यावर अंजन गवत (हे अंजनाच्या झाडापेक्षा वेगळं). सोबत शेंगवर्गीय म्हणून स्टायलो हमाटा थोड्या जागी करून बघा. त्याचं बी कडक असतं, उकळी यायच्या आधीच्या कढत पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून गार करून वाळवलं की बरं उगवतं.

गवताचं बी कापसासारखं हलकं असतं, नुसतं फेकलं तर वाऱ्यावर शेजारच्या गावात जातं. एक भाग बी, दोन भाग शेण आणि चार भाग बारीक माती पाण्यात कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा आणि सावलीत वाळवा. मोसमी पावसाच्या तोंडावर, जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, बांधाच्या डोक्यावर आणि चराच्या वरच्या अंगाला खुरप्यानं रेघ ओढून त्यात पेरा. अर्ध्या इंचापेक्षा खोल नको. मारवेलचे ठोंब लावायचे तर दोन चांगले पाऊस झाल्यावर, हात-दीड हात अंतरानं.

पहिल्या वर्षी काहीच झालं नाही असं वाटेल. आमच्या साडेचार एकरांत पहिल्या साली निम्मी जागा कुसळीनं धरली. कुसळीला शिव्या देऊ नका, ती उघडी जमीन झाकते. फक्त फुलोऱ्यात येताच, कुसळं कडक होण्याआधी कापा. कुसळं मेंढरांच्या लोकरीतून कातडीत शिरतात आणि जनावर अंग टाकतं. तिसऱ्या वर्षी पवन्या तिच्यावर चढला.

चराई : बंदी आणि मग वाडा

पहिली दोन वर्षं जनावर आत नको, विळ्यानं कापून न्यायला हरकत नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हेच केलं, चराईबंदी केली आणि गवत कापून नेऊ दिलं. कापताना चार बोटं खोड ठेवा. तिसऱ्या वर्षापासून उताराचे चार तुकडे करा आणि जनावरं एका तुकड्यात थोडे दिवस ठेवून पुढच्यात न्या. दरवर्षी एक तुकडा बी पडेपर्यंत राखा, तो आळीपाळीनं बदला. दिवाळीनंतर गवत वाळलं की वणव्याची भीती, म्हणून हद्दीवर दोन-तीन मीटरचा पट्टा खरवडून ठेवा.

माळ सुधारण्याची सगळ्यात जुनी आणि माझ्या मते सगळ्यात चांगली युक्ती म्हणजे मेंढरं बसवणं. धनगर कळप घेऊन येतात तेव्हा त्यांच्याशी बोलून रात्री जाळी लावून वाडा बसवून घ्यायचा आणि दर एक-दोन रात्रींनी जाळी पुढं सरकवायची. लेंड्या आणि मूत जागच्या जागी पडतं, खुरांनी मुरमात दाबलं जातं. त्यातून सेंद्रिय कर्ब वाढतो आणि तो कुजताना निघणारी सौम्य आम्लं चुन्यानं अडवलेलं लोह-जस्त थोडं मोकळं करतात. माझ्या बिघडलेल्या दीड एकरात आज जे काही हिरवं दिसतं, ते तीन उन्हाळे मेंढरं बसवल्यामुळं. बसवायला मामांचाच कळप येतो. पैशाची बोलणी होतात, वर रात्रीचं जेवण आणि पिण्याचं पाणी आपल्याकडं. आणि दरवर्षी ‘कातडं कसं हाय?’ हा प्रश्न ऐकून घ्यावा लागतो.

झाडं लावायचीच असतील तर

गोड पाण्याच्या आशेनं मोसंबी-संत्र्याच्या नादी लागू नका. बारीक मातीत फसफस जोरात असेल तिथं ती दोन-तीन वर्षांत पिवळी पडतात. डाळिंब मुरमात चांगलं येतं, सांगोल्यानं ते दाखवलंच आहे. पण तेही वरच्या दोन फुटांत घट्ट चुन्याचा थर नसेल तिथं, आणि ठिबकाला हक्काचं पाणी असेल तरच.

कोरडवाहू उताराला बोर आणि सीताफळ. दोन्हींची रीत शहाणी आहे. कडक उन्हाळ्यात पानं गाळून गप्प बसतात, त्यामुळं पाण्याची मागणीच राहत नाही. सीताफळाच्या पानाला शेळी-मेंढी तोंड लावत नाही, हा वरचा फायदा. बोराचं रोप आणून लावण्यापेक्षा गावठी बोराच्या बिया जागेवरच टोका. सोटमूळ सरळ खाली मुरमात शिरतं, पिशवीत वळलेल्या मुळाला ते जमत नाही. पुढच्या पावसाळ्यात त्यावर उमराण या कलमी जातीचा डोळा भरून घ्या. हद्दीला हिवर, बाभूळ, कडुलिंब.

खड्डा काढताना तीन खड्ड्यांची ती वही उघडा. पहार ठणकली त्या खोलीपर्यंत खोदून थांबलात, तर तुम्ही झाडासाठी कुंडी तयार केली. पावसाळ्यात पाणी साठून मूळ कुजतं, उन्हाळ्यात मूळ भिंतीला आपटून गोल फिरतं. थर हातभरापेक्षा पातळ असेल तर तो पहारीनं फोडून आरपार जा. जाड असेल तर जागा बदला. निघालेला पांढरा माल खड्ड्यात परत घालायचा नाही, उताराच्या बाजूला त्याचा अर्धचंद्र करा, पाणी अडेल. भरायला वरची माती, दोन-तीन पाट्या कुजलेलं शेणखत आणि थोडा तळ्याचा गाळ. गाळ आणण्याआधी त्यावरही थेंब टाका. आमच्या भागातल्या तळ्यांत याच माळाचा चुना वाहून गेलेला असतो. एका ट्रॉलीवर मी थेंब टाकला आणि ट्रॉली तशीच परत पाठवली.

खतं आणि केवडा

कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, याला आपण केवडा म्हणतो. जुनी पानं पिवळी असतील तर तो नत्राचा प्रश्न, वेगळा. मातीत लोहच नाही, हे केवड्याचं कारण क्वचितच असतं. लोह असतं पण चुन्यामुळं मुळाला उचलता येत नाही. म्हणून नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) जमिनीत टाकलं तर तेही दोन दिवसांत अडकून बसतं. फवारणी करा. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम सायट्रिक आम्ल, ऊन उतरल्यावर, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन-तीनदा. जमिनीतूनच द्यायचं असेल तर चिलेटेड लोह घेताना पुडीवरचं नाव वाचा. ‘ईडीटीए’ या जमिनीत टिकत नाही, ‘ईडीडीएचए’ टिकतं. ते महाग आहे, म्हणून फळझाडांनाच द्या.

स्फुरद चुन्याला चिकटतं, म्हणून सुपर फॉस्फेट मोकळं फेकू नका. कुजलेल्या शेणखतात कालवून मुळाजवळ पट्ट्यात द्या. रॉक फॉस्फेट इथं विरघळत नाही, घेऊच नका. युरिया वर टाकून ठेवला तर चुनखडीच्या कोरड्या मातीवरून त्यातला नत्र अमोनिया होऊन उडतो, नाकाला वास येतो तो आपल्याच पैशाचा. मातीआड करा किंवा पावसाच्या तोंडावर द्या. ठिबकच्या छिद्रांवर पांढरा थर चढत असेल तर विहिरीच्या पाण्यातही चुना आहे. फवारणीला तेच पाणी वापरत असाल तर सायट्रिक आम्ल आधी पाण्यात घाला, हिराकस नंतर.

उरला माझा तो दीड एकर. त्यात यंदा मी नवं काहीच करणार नाही. मे महिन्यात मामांचा वाडा बसेल, जूनमध्ये गोळ्या पेरेन आणि अधूनमधून जाऊन दगड पालथे करून बघेन.